फाट्यावर तीसचा बोर्ड

हॅलो?… हॅलो… हां, मोहिनी, बोल. मी प्रतिभा… नाय गं, तुझा दादा नाय घरात. फोन इथंच चार्जिंगला लावून शाळेत गेलाय, खुर्च्या मांडायला… उद्याच्या सभेच्या. दुसऱ्या कशाच्या!

हो… हो… अगं ऐक ना… अगं, ऐकून तर घे…

थांब, एक मिनिट. हातात मेथीची जुडी हाय, ती खाली ठेवते. वीस राहिल्यात बांधायच्या… हां. आता ओरड.

…

कुणी सांगितलं तुला? केरूतात्यांनी? वाटलंच मला. येवल्याला फोन कशाला केला त्यांनी, मळ्यात भोंगाच लावायचा ना सरळ.

काय म्हणाले?… 'तुझी वहिनी देवी उचलायला निघाली'? असंच म्हणाले? दादाचं नाव नाय घेतलं?… नाय घेणार. केलं काय चांगलं तर सुनीलनं, आणि वाकडं झालं की प्रतिभानं.

खरं हाय.

खरं हाय म्हणते ना. मीच बोलले साहेबांना, देऊळ हलवू म्हणून.

…

मोहिनी… मोहिनी, शिव्या नंतर दे, माझं अर्धं तरी ऐक. तात्यांनी तुला शेपटाकडून सांगितलंय सगळं. परवा रस्त्याचे साहेब आले होते. तीन वर्षांत पहिल्यांदा गाडीतून खाली उतरले. मी म्हटलं, साहेब, अर्ज राहू द्या, तुम्ही फक्त हा रस्ता ओलांडून पलीकडं जाऊन दाखवा… हो, असंच म्हटलं. मला कुणाची भीती हाय आता? उभे राहिले. एक पाय पुढं, एक पाय मागं. इकडून ट्रक, तिकडून कार. टोपी उडाली त्यांची. पाच-सात मिनिटं झाली आणि माणूस हाय तिथंच.

मग म्हणाले, ठीक हाय बाई. साठचा बोर्ड काढतो, तीसचा लावतो.

तीस गं, तीस! स्पीड! गाडी तीसच्या वर न्यायची नाय फाट्यावर. आणि नुसता बोर्ड नाय, उंच पट्टा करणार. चालणाऱ्याला वर चढून जायचं आणि गाडीला हळू व्हावंच लागणार. कागदावर हाय सगळं. लिहून दिलंय.

पण तो पट्टा पलीकडं उतरतो कुठं? कडुलिंबाखाली. देवीच्या पुढ्यात. ते म्हणाले, हे देऊळ मागं मळ्यात घ्या. बायका दिवसभर रस्त्याच्या कडंला उभ्या राहणार असतील, तर मी पट्टे काढून काय उपेग… बरोबर बोलले ते. मला तरी बरोबर वाटलं.

…

हो, माहितीय मला. स्वयंभू हाय. हलवत नसतात. कोप होतो. सगळं माहितीय.

तात्या तेच बोलत फिरतात. तात्यांना देवीचा कधीपासून एवढा पुळका आला? दोन वर्षांत नारळ वाढवला असंल तर सांग. त्यांच्या दोन पिकअप हायेत, त्यांना तीस नको हाय. तोंडावर म्हणाले मला, 'तीसनं गेलो तर मार्केटात पोचेस्तोवर टमाट्याची चटणी होईल, लिलाव काय माझ्यासाठी थांबणार हाय?' मी म्हटलं, तात्या, फाटा केवढा, दोनशे पावलांचा. दोनशे पावलांत टमाट्याची चटणी होते? त्यावर म्हणतात, 'देव तारी त्याला कोण मारी.' माझ्या तोंडावर! आईंचा फोटो भिंतीवर, त्याच्याखाली बसून, माझ्या हातचा चहा पीत.

गिळलं मी. काय करू, भावकीतलेच ते, आपलेच दात आपलेच ओठ.

…

नाय, विषय बदलत नाय मी. येते, त्याच्यावरच येते.

मळ्यातल्या जुन्या माणसांनी ठरवलंय… ऐक, हे महत्त्वाचं हाय. ते म्हणाले, देवीची पहिली सेवेकरी भागुबाई, म्हणजे आपल्या आई. तिची लेक माहेरवाशीण. माहेरवाशिणीच्या तोंडून 'हो' आलं तर देवी हलवू. 'नाय' आलं तर साहेबांनी बोर्ड घेऊन घरी जावं. मग साठ राहू दे नायतर ऐंशी होऊ दे… हो, तूच. उद्या दहाला. यायलाच पायजे असं नाय, फोनवर सांगितलंस तरी चालंल.

तुझ्या एका शब्दावर अडलंय, मोहिनी.

…

ऐकते मी. बोल.

…

हं.

…

पैठणी? हातभर विणून बी झाली?… कुठल्या रंगाची?… आईंच्या आवडीचा जांभळा. आणि काठाला मोर… जावईबापू मागावर स्वतः बसतात? देवीसाठी?

नको गं.

नाय, नको म्हणजे… काय नाय. रडू नको. मी बी रडंन मग, आणि दोघी रडलो तर बोलणार कोण.

'आईनं जिच्यासाठी जीव दिला तिला मी हलवू कशी.' हो. समजतंय मला. तू तेवढ्यावरच उभी हायेस, ते बी समजतंय. दशक्रियेला तू सगळ्या बायकांना सांगत होतीस, माझी आई दिवा लावता लावता गेली, असं मरण पुण्यवानाला येतं. मी तिथंच बसले होते, पत्रावळी मोजत. तेव्हाच बोलायला पायजे होतं. नाय बोलले. म्हटलं, पोरीला तेवढा तरी आधार राहू दे.

आई दिवा लावता लावता नाय गेल्या, मोहिनी. रस्त्याच्या मधी गेल्या. दिवा पेटला बी नव्हता. मी बांधावरून बघितलंय.

…

आईंना उडवलं तो पिकअपवाला काय म्हणाला माहितीय? तुला कुणी सांगितलं नाय, दादानं सांगू दिलं नाय. आज मी सांगते. पोरगाच होता, पंचवीस-सव्वीसचा. कोथिंबीर भरलेली गाडी. खाली उतरला आणि मटकन बसला रस्त्यात. म्हणाला, 'ताई, मी देवीला हात जोडत होतो.'

दोन्ही हात. स्टेअरिंग सोडून. देवीकडं तोंड करून. साठ-पासष्टची गाडी आणि हा डोळे मिटून नमस्कार करतोय.

…

हॅलो?… हायेस ना?

नाय, देवीला दोष नाय देत. देवीला कशाला दोष देऊ? ऐकून घे, मला एकदाच बोलता येईल हे. मधी थांबवलंस तर परत जमणार नाय.

तो दगड मी ठेवलाय.

फाट्यावरचा. देवीचा. मीच ठेवलाय.

…

डोकं ठिकाणावर हाय माझं. सभेसाठी खोटं नाय बोलत. तुझी शप्पथ… बरं, शप्पथ नाय घेत.

कुसामावशी आठवती ना? शेजारची, वांग्याची पाटी घेऊन जायची. रस्ता मोठा झाला आणि पहिल्या महिन्यात ती गेली. चप्पल या कडंला, पाटी त्या कडंला. तेव्हापासून अर्ज केले आम्ही. पाच अर्ज. गतिरोधक द्या, बोर्ड द्या, काहीतरी द्या. एकच उत्तर यायचं, हा मोठा रस्ता हाय, इथं गाडी अडवता येत नाय. पाचव्या अर्जाला तर उत्तर बी नाय आलं.

आणि मग एकदा आम्ही चांदवडला चाललो होतो, लग्नाला. मी टेम्पोत पुढं बसले होते. वाटेत रस्त्याच्या कडंला एक शेंदूर फासलेला दगड होता. साधाच, चार विटा आणि दोन झेंडे. आणि आमचा ड्रायव्हर, जो बापाचं ऐकत नाय, त्यानं गाडी हळू केली. छातीला हात लावला. मागच्या ट्रकनं बी हळू केली. मी बघतच राहिले. म्हटलं, पाच अर्जांनी झालं नाय ते एका दगडानं होतंय.

आली लक्षात अक्कल माझी?

पहाटे उठले. शेंदूर आणि तेल कालवलं, दगड माखला, पदराखाली धरून पलीकडं नेला, कडुलिंबाखाली ठेवला. पलीकडं का, तर अलीकडं पाण्याची चारी हाय, जागा नाय. बाकी काय विचार केला नाय मी. गाड्यांचा केला. माणसांचा केलाच नाय. देव ठेवला की माणसं जाणार, एवढं साधं डोक्यात नाय आलं.

आणि सकाळी आईंना उठवून सांगितलं, आई, मला सपान पडलं. कडुलिंबाखाली देवी बसलीय.

त्या तशाच निघाल्या. चहा बी नाय घेतला.

…

कुठला दगड म्हणजे?

नको विचारू.

…मोटारीच्या पेटीवरचा. विहिरीवर. वाऱ्यानं झाकण उडू नये म्हणून ठेवलेला असायचा तो. तू त्याच्यावर चिंचा ठेचायचीस, आईंनी सांगितलं होतं मला. डाव्या अंगाला कपची उडालेली हाय ना, ती तूच उडवलीस, खलबत्ता सापडंना म्हणून हातोडी घेतली होतीस. तिथंच आम्ही चांदीचा डोळा बसवला.

हो.

तोच.

…

मोहिनी… बोल काहीतरी. ओरड. मघाशी ओरडत होतीस ते बरं होतं.

…

नाय, दादाला माहीत नाय. कुणालाच नाय. तुला पहिल्यांदा सांगतेय… कारण तुझा शब्द चालणार हाय उद्या. आणि तू दगडासाठी 'नाय' म्हणाली असतीस, आणि परत कुणीतरी गेलं असतं, तर मला… मला झोप नाय गं. पापणीला पापणी लागत नाय.

चाललं होतं ना पण! आठ महिने! आठ महिन्यांत एक अपघात नाय फाट्यावर. लोक म्हणायचे, देवी जागृत हाय. मी मनात हसायचे. खोटं कशाला बोलू, मला गर्व झाला होता. साहेबांना जमलं नाय ते मी केलं, दहावी नापास बाईनं. पहिले-पहिले गाड्या थांबायच्याच. मग नुसत्या हळू व्हायच्या. मग हॉर्न मारून जायच्या. मग हॉर्न बी गेला, चालत्या गाडीतूनच हात वर. सवय झाली त्यांना देवीची. आणि आपल्या बायकांना सवय झाली रस्त्याची. मंगळवारी नैवेद्य, शुक्रवारी ओटी. लेकरं काखेत घेऊन पळत जायच्या. मी बघत होते सगळं. रोज म्हणायचे, आज सांगते, हा पेटीवरचा दगड हाय, कुणी जाऊ नका. रोज उद्यावर ढकलायचे. करायला गेले गणपती अन् झाला मारुती, तो मारुती आता हलवायचा कसा?

…

काय?

…

आईंना माहीत होतं का…

नाय. नव्हतं. पेटीवर नवीन दगड बघून एकदा विचारलं त्यांनी, जुना कुठं गेला म्हणून. मी म्हटलं, मजुरांनी नेला असंल. 'असंल' म्हणाल्या. माझ्यावर विश्वास होता त्यांचा. आपल्या घरात सपान पडलं सुनेला, याचं केवढं कौतुक! नात्यातल्या सगळ्यांना सांगायच्या, माझ्या सुनेला देवी दिसली.

…

त्या दिवशी?… त्या दिवशीचं काय सांगू. सांगितलं की मघाशी.

…

कुणी पाठवलं नाय, त्या रोजच जायच्या. दिवेलागण झाली की वाटी-वात घेऊन…

…

मोहिनी, हे कशाला खोदतेस?

…

बरं.

बरं, सांगते. एवढं सांगितलं, आता हे राखून काय करू.

त्या दिवशी त्यांचा गुडघा धरला होता. ओट्यावर बसल्या होत्या, तेल चोळत. मला म्हणाल्या, 'प्रतिभा, आज नाय गेले तर चालंल का गं? उद्या दोन दिवे लावीन.'

आणि मी…

…

मी म्हणाले, जा आई. दिवा नसला की गाड्या हळू होत नाहीत.

…

मी जायला पायजे होतं. हो. मी जाऊ शकले असते. कोथिंबीर बांधायची होती. पहाटेच्या मार्केटला द्यायची होती. एवढंच कारण. दुसरं नाय काय. कोथिंबीर.

त्या उठल्या. दोन हात टेकून उठल्या. म्हणाल्या, 'तुझं बरोबर हाय.'

…

हॅलो.

रडतेस का हसतेस, कळत नाय मला. मोहिनी?

…

हो. ऐकते. हो.

हो… 'हलवा' म्हणतेस?… सांगते तसं. माहेरवाशिणीनं हलवा म्हटलं, सांगते… काय?

…सगळ्यांसमोर? उद्या?… मी? दगड कुणी ठेवला, कुठनं आणला, ते बी?

…

आणि गुडघ्याचं?

…

बरं. ते बी.

नाय, नाय टाळत. दादाला आज घरी आला की सांगते, उद्या शाळेत सांगते. केरूतात्या पुढच्या खुर्चीवर असतील, त्यांना बघूनच सांगते. मारतील तर मारू देत. बायका तोंडात शेण घालतील, घालू देत. पण ते तीस लागू दे, मोहिनी. मला काय व्हायचं ते होऊ दे, ते तीस लागू दे. साहेब म्हणाले, तीसच्या गाडीनं माणूस पडतो, पण बहुतेक वेळा उठतो. आई उठल्या असत्या गं. गुडघा दुखत दुखत, मला दोन शब्द बोलत, उठल्या असत्या…

…

नाय, त्यांच्या नावाची पाटी नाय लावत. बरं. बोर्डाखाली काय नाय लिहीत. तू म्हणशील तसं… फोटो बी तुझ्याकडं पाठवून देते. हो. दादाबरोबर.

आणि ती पैठणी… मागावरची… हो, कापा. तुमचं तुम्ही बघा. मी कोण सांगणार.

…

असं नको बोलू.

…

माझ्याशी नको बोलू, हे समजतं मला. घरात पाऊल टाकू नको म्हण, समोर उभी राहू नको म्हण. पण दादानं काय केलंय? त्याला माहीत बी नाय गं काय. ओवाळायला कोण हाय त्याला तुझ्याशिवाय? तू ये. मी त्या दिवशी मळ्यात जाईन, घरात थांबणार नाय, तुला तोंड दिसायचं नाय माझं. पाणी बी दुसऱ्या कुणाच्या हातचं घे. फक्त भाऊबीजेला तरी त्याच्यासाठी…

हॅलो?

मोहिनी?… अगं… हॅलो?

हॅलो…